परवाना, मालकी आणि चोरीचा एक आरोप

काही दिवसांपूर्वी आमच्या महाविद्यालयात 'सायबर नीतिमत्ता' या विषयावर एक उद्बोधनवर्ग झाला. उद्बोधन या शब्दाला अलीकडे जी अवकळा आली आहे तिला अनुसरून आम्ही मराठी विभागातले तिघेजण शेवटच्या रांगेत बसून उत्तरपत्रिका तपासत होतो. वक्ते आमच्याच शास्त्रशाखेतले, माणूस सज्जन आणि विषयाची तळमळ असलेला. पडद्यावर टाळावयाच्या चोऱ्यांची यादी झळकली. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढणे, नकली प्रणाली वापरणे, चित्रपट फुकट उतरवून घेणे आणि चौथ्या क्रमांकावर 'जुन्या संगणकाची की नव्या संगणकाला वापरणे'. चौथा मुद्दा वाचताना वक्त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहून स्मित केले. सभागृहातल्या विद्यार्थ्यांना त्या स्मिताचा अर्थ कळला नसेल, आम्हाला कळला. चौथ्या क्रमांकाचे चोर आम्हीच होतो.

ही चोरी कशी घडली ते सांगतो. २०११ मध्ये विभागासाठी एक संगणक घेतला गेला. तो कुठल्या कंपनीचा तयार नव्हता, शहरातल्या एका दुकानदाराकडून सुटे भाग जोडून घेतलेला होता, आणि त्यामुळेच त्याचे बिल वाचनीय होते. नऊ ओळींचे बिल: मॉनिटर, कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर असे एकेक नग आणि त्यापुढे किंमत. सातवी ओळ होती विंडोज ७ प्रोफेशनल. तिची किंमत मॉनिटरपेक्षा जास्त होती आणि इतर आठ ओळींवर जसा विक्रीकर लागला तसाच तिच्यावरही लागला होता. या ओळीची दृश्य खूण म्हणजे कॅबिनेटच्या कुशीला चिकटवलेला एक चकचकीत पट्टा. त्यावर पाच-पाच अक्षर-अंकांचे पाच गट, एकूण पंचवीस.

२०१८ च्या पावसाळ्यात मदरबोर्ड गेला. त्या पिढीचा दुसरा मिळेना. नवा डबा घेतला आणि महाविद्यालयीन काटकसरीला शोभेल असे त्याला जुने अवयव लावले. मॉनिटर तोच, कळफलक तोच, हार्डडिस्क तीच, यूपीएससुद्धा तोच. दुरुस्तीचे काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यावर विंडोज १० चढवली आणि क्रमांक विचारला गेला तेव्हा जुन्या डब्यावरचा पट्टा वाचून पंचवीस अक्षरे टाकली. क्रमांक स्वीकारला गेला. जुना डबा त्याच दिवशी कायमचा बंद झाला होता. तेव्हाच आमचे हे शास्त्रशाखेतले मित्र चहा पिता पिता म्हणाले होते, "सर, तांत्रिकदृष्ट्या ही चोरीच आहे हो." मी हसण्यावारी नेले. आता तो शब्द चहाच्या कपातून पडद्यावर आणि पडद्यावरून दीडशे विद्यार्थ्यांच्या वह्यांत गेला आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

माझा व्यवसाय शब्दांचा आहे, तेव्हा शब्दापासूनच आरंभ करतो. चोरी म्हणजे काय? १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ३७८ वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३०३ वे कलम, दोहोंचा आशय एकच: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवणे. आमच्या प्रकरणात कोणाच्या ताब्यातून काय हलले? मूल्य चुकते झाले होते, पावती होती, जुने यंत्र मेले होते आणि एका वेळी एकाच यंत्रावर एकच प्रणाली चालत होती. आमच्याकडून मोडले गेले असलेच तर एका कराराचे एक कलम. करारभंग ही निराळी गोष्ट आहे. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकू नये असे करारात असताना जो खिळा ठोकतो, त्याला घरमालक घरफोड्या म्हणत नाही. निदान आजवर म्हणत नव्हता.

करारात काय आहे हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. या प्रणालीचे परवाने स्थूलमानाने दोन जातींचे. एक किरकोळ विक्रीचा. तो महाग, आणि जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेण्याची त्याला मुभा असते. दुसरा यंत्रासोबत मिळणारा, ज्याला बाजारात ओईएम म्हणतात. तो स्वस्त, आणि ज्या यंत्रावर प्रथम बसवला त्याच यंत्राशी त्याची जन्मगाठ. आमचा दुसऱ्या जातीचा होता. म्हणजे करार काटेकोर वाचला तर आमचे मित्र बरोबर आहेत. दुकानदाराने हा फरक सांगितला नव्हता, बिलावरही तो नव्हता, पण अज्ञान ही सबब होत नाही हे मला मान्य आहे.

मात्र करार काटेकोर वाचायचा तर शेवटपर्यंत वाचावा. 'यंत्र' म्हणजे काय? मॉनिटर बदलला तर यंत्र तेच राहते. हार्डडिस्क, स्मृती, प्रोसेसर बदलला तरी तेच राहते. मदरबोर्ड बदलला की मात्र यंत्र नवे झाले असे कंपनीचे धोरण मानते. त्यातही पोटकलम असे की मदरबोर्ड सदोष निघाल्यामुळे बदलला असेल तर ते जुनेच राहते. पाली वाङ्मयाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना येथे मिलिंद राजाचा रथ आठवल्यावाचून राहणार नाही. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, असे नागसेनाने राजाला विचारले आणि यांपैकी एकही रथ नव्हे, रथ हे या सगळ्यांच्या मेळाला दिलेले नाव आहे, या निष्कर्षापर्यंत त्याला आणले. दोन हजार वर्षे बौद्ध, नैयायिक आणि वेदान्ती ज्या प्रश्नावर एकमेकांशी वाद घालत आले, तो एका परवानापत्रकाने सोडवून टाकला. आत्मा मदरबोर्डात असतो. आणि हा आत्मा, गीतेतल्या आत्म्याच्या उलट, जीर्ण देह टाकून नवा धारण करू शकत नाही; देहाबरोबर तोही भंगारात जातो.

हे विनोदाने लिहिले तरी त्यातला व्यवहार विनोदाचा नाही. नऊ ओळींच्या त्या बिलापैकी आठ ओळींचा पुनर्वापर हा आमच्या काटकसरीचा भाग ठरतो, लेखापरीक्षक त्याबद्दल शाबासकी देतो. सातव्या ओळीचा पुनर्वापर तेवढा चोरी. ती ओळ विकताना नग होती, कर घेताना नग होती, आणि तिचा हक्क बजावायची वेळ आली तेव्हा ती नग राहिली नाही, ती केवळ 'वापराची मर्यादित अनुमती' झाली.

हा दुटप्पीपणा माझ्या कल्पनेतला नव्हे. न्यायालयांना यात वारंवार लक्ष घालावे लागले आहे. ५ नोव्हेंबर २००४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात निर्णय दिला की बाजारात तयार मिळणारी संगणकप्रणाली ही 'वस्तू' आहे, म्हणून तिच्यावर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ रोजी एका आयकराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की अशा प्रणालीसाठी ग्राहक मोजतो तो पैसा लेखाधिकाराचे मानधन नव्हे, ती प्रतीची किंमत आहे. जर्मनीत तर थेट ओईएमचाच प्रश्न आला होता. नव्या यंत्राबरोबरच विकायची म्हणून दिलेली प्रणाली एका व्यापाऱ्याने यंत्राशिवाय विकली, तेव्हा एकदा वस्तू बाजारात सोडल्यावर तिच्या पुढच्या प्रवासाला लेखाधिकाराच्या बळावर अडवता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी सांगितले. आणि अडवणारी कंपनी मायक्रोसॉफ्ट हीच होती. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. किंमत घेऊन कायमचा परवाना देणे ही विक्रीच होय, आणि असा वापरलेला परवाना पुढे विकताही येतो. अट एवढीच की पहिल्याने स्वतःची प्रत बंद केली पाहिजे. अमेरिकेत मात्र २०१० साली ऑटोडेस्कच्या खटल्यात तिथल्या एका अपील न्यायालयाने कंपनीचा शब्द प्रमाण मानला: परवाना म्हटले आहे ना, मग परवानाच.

यांपैकी कोणताही निकाल आमच्या पट्ट्याविषयी नव्हता, हे मला ठाऊक आहे. मी कायद्याचा अभ्यासक नाही आणि या निकालांची ढाल करून मी सुटू पाहत नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्या प्रश्नावर निरनिराळ्या देशांतल्या न्यायाधीशांचे एकमत नाही, तो प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे 'चोरी' हा एक शब्द लिहून संपवला. सभागृहातल्या एकाही मुलाने विचारले नाही की ज्याची पावती आपल्याजवळ आहे त्याची चोरी आपण कशी करतो? तो प्रश्न विचारायला शिकवणे हे त्या उद्बोधनाचे काम होते.

मराठीत 'की' हे एक विकल्पवाचक अव्यय आहे. विक्री की परवाना? संगणकाच्या 'की'ने हा विकल्प इतका सहज गिळला की आपल्याला त्याची जाणीवही झाली नाही. दुकानात आपण 'विकत घेतो' असेच क्रियापद वापरतो. दुकानदारही 'विकतो' हेच म्हणतो. लेखी मात्र कुठेही विक्री नसते. या शब्दच्छलाची दखल घेऊन कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा अमलात आणला की पुस्तके, खेळ, चित्रपट अशा अंकीय मालाच्या जाहिरातीत, ग्राहकाला मिळतो तो केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरता येणार नाही. भाषेच्या अध्यापकाने या घटनेकडे दुर्लक्ष करू नये: एका क्रियापदाच्या प्रामाणिकपणासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला. ज्यांना हे प्रणालींपुरते आहे असे वाटत असेल त्यांनी जुलै २००९ आठवावा. ॲमेझॉनने विकलेल्या ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या प्रती, प्रकाशकाकडे हक्क नव्हते असे लक्षात आल्यावर, वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या गेल्या. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण अप्पा बळवंत चौकात घेतलेले पुस्तक रात्री येऊन कोणी कपाटातून काढून नेईल, ही कल्पना आपल्या पिढीला सुचलीसुद्धा नसती.

महाराष्ट्राला तर मालकी आणि वहिवाट यांतला फरक नव्याने शिकवण्याची गरज नाही. १९४८ चा कुळकायदा आणि त्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ज्यांच्या घरात घडला त्यांना विचारा. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. त्याआधी शेकडो वर्षे जमीनदाराचा युक्तिवाद हाच होता: तू कसतोस ते माझ्या अनुमतीने, जमीन माझी. अनुमती आणि हक्क यांच्यामधली रेषा कायम जमीनदारानेच आखायची हे आपल्या समाजाने एकदा नाकारलेले आहे. तुलना ताणू नये, हे खरे. कंपनीने प्रणाली घडवली आहे, जमीनदाराने जमीन घडवली नव्हती. त्यामुळे मी कंपनीच्या लेखाधिकारावर हात टाकत नाही; माझ्या प्रतीपुरते बोलतो. मुंबईतल्या पागडीच्या खोलीलासुद्धा हस्तांतरण माहीत आहे, मालकाला त्याचा वाटा दिला की खोली दुसऱ्याच्या नावे होते. ओईएम परवान्याला तेवढीही सोय नाही.

आता सर्वांत सबळ आक्षेप. शास्त्रशाखेतल्या मित्राने तो घेतला आणि तो टाळणे लबाडी ठरेल. ते म्हणाले, "समजा, जुनी प्रत तुमची. पण तुम्ही विंडोज ७ चे पैसे दिलेत आणि विंडोज १० घेतलीत. कोशाची जुनी आवृत्ती दाखवून दुकानात नवी आवृत्ती फुकट मागाल का?" मागणार नाही. पण कोशाच्या प्रकाशकाने स्वतःच दुकानाबाहेर पाटी लावली की जुनी दाखवा, नवी न्या, तर? २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली तेव्हा ७ आणि ८.१ च्या धारकांना ती एक वर्ष विनामूल्य देऊ केली होती. २९ जुलै २०१६ ला ती मुदत कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात जुने क्रमांक पुढे सात वर्षे चालत राहिले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने हा मार्ग काढून टाकल्याचे जाहीर केले. दार बंद असल्याची पाटी लावायची आणि दार उघडे ठेवायचे, याला मराठीत काय म्हणतात? ज्या कंपनीच्या यंत्रणेला कोणता क्रमांक कोठे टाकला गेला ते कळते, तिला हे दार उघडे असल्याचे सात वर्षे कळले नाही असे मानण्याचा भोळेपणा माझ्याजवळ नाही. लोकांना जुन्या प्रणालीवरून हलवणे ही तिची गरज होती. गरज सरली तेव्हा दार लागले. अंगणातून जाणारी पायवाट मालकाने वर्षानुवर्षे पाहूनही अडवली नाही, उलट त्या वाटेने येणाऱ्या गिऱ्हाइकांवर आपले दुकान चालवले. तर त्या काळात गेलेल्या वाटसरूला चोर म्हणण्याचा अधिकार मालकालाही उरत नाही, मग त्रयस्थ उद्बोधकाला कुठून येणार?

शिवाय जुनीच आवृत्ती वापरत राहण्याचा मार्ग कोणी खुला ठेवला होता? विंडोज ७ चा सुरक्षा-आधार १४ जानेवारी २०२० ला थांबला. नव्या मदरबोर्डांसाठी तिच्यावर चालणारे ड्रायव्हर मिळेनासे झाले. कोशाची जुनी आवृत्ती निदान वाचता येते. इथे जुनी प्रत हातात असते, पण ती उघडण्याचे मेज दरवर्षी थोडे थोडे कापले जाते.

आमच्या विभागाला हे मेज विशेष जवळचे आहे. १९९० नंतरची दहा-पंधरा वर्षे मराठीत जे टंकलेखन झाले, ते फार मोठ्या प्रमाणावर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींतून आणि त्यांच्या खास टंकांतून झाले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोजवर तिची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. पण लेखनिकांच्या आणि मुद्रकांच्या हातात ती रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. त्या काळातल्या फायली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसतो. त्यांतल्या काहींना जुनी प्रणाली लागते, काहींना मागच्या खोबणीत खोचायचे कुलूप लागते, आणि सोळा-बिटी काळातली प्रणाली तर चौसष्ट-बिटी विंडोजवर चालतच नाही. आमच्याकडे दोन प्रबंध, एका लोकगीत-संकलनाची टिपणे आणि विभागीय नियतकालिकाचे अकरा अंक या अवस्थेत आहेत. रूपांतरक आहेत, ते वापरतोही, पण जोडाक्षरे आणि रफार जिथे निखळतात तिथे मूळ पान जुन्या यंत्रावर उघडून ताडून पाहावे लागते. जुना परवाना मेलेल्या यंत्राबरोबर जाळावा असे म्हणणाऱ्यांना, त्याबरोबर काय जळते याची कल्पना नसते. वाङ्मयाच्या इतिहासकाराला ती असली पाहिजे.

"मग लिनक्स वापरा," असे आणखी एक सहकारी म्हणतात. वापरतो. माझ्या घरच्या यंत्रावर तेच आहे आणि त्यात मराठी उत्तम चालते. पण मी घरमालकाशी हक्काचा वाद घालत असताना गावाबाहेर मोकळी जागा आहे हे सांगणे, हा त्या वादातला युक्तिवाद होत नाही. आणि विद्यापीठाचे अर्ज, परीक्षेच्या गुणांची भरणी, लेखनिकाची सवय ही सगळी विंडोजच्या अंगणात बांधलेली आहेत. ती बांधणाऱ्यांनी आमची संमती विचारली नव्हती.

एक गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांनाही सांगायची आहे. महाजालावर दोन-चारशे रुपयांना जे क्रमांक मिळतात, ज्यांचा उगम विकणाराही सांगत नाही, त्यांचे समर्थन या लेखातून कोणी काढू नये. एकच क्रमांक वीस यंत्रांवर टाकणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत आणि तिथे 'शैक्षणिक उपयोग' हा मंत्र म्हटला जातो. हा मंत्र आपल्या धंद्यात फार स्वस्त झाला आहे. छायाप्रतींच्या बाबतीत २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी तयार केलेल्या संचांना संरक्षण दिले, त्याचा अर्थ आपल्यापैकी कित्येकांनी 'अख्खे पुस्तक झेरॉक्स करा' असा घेतला. एक प्रत, एक यंत्र, जुने बंद करून नवे. यापलीकडे माझी मागणी जात नाही. ही अट पाळणाऱ्याला आणि वीस यंत्रांवर एक क्रमांक टाकणाऱ्याला एकाच ओळीत बसवणे, हाच माझ्या मते त्या यादीचा खरा अपराध आहे. कारण त्यामुळे पहिल्याला वाटते, नाही तरी चोरच, मग वीस का नको?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही आधार संपला. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वर्षभराची मुदतवाढ दिली गेली, युरोपात विनामूल्य, इतरत्र काही अटींवर किंवा शुल्कावर. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१८ मध्ये आम्ही स्वस्त म्हणून घेतलेला प्रोसेसर सातव्या पिढीचा. यंत्र ठणठणीत आहे, पण निर्लेखनाच्या यादीत आले आहे. २०११ चा जुना डबा त्याच्याच शेजारी, इतकी वर्षे अडगळीत होता म्हणून आत्ता.

निर्लेखन समितीच्या बैठकीत मी २०११ चे बिल नेले आणि आग्रह धरला की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'संगणक, १ नग' असे मोघम न लिहिता नऊही ओळी स्वतंत्र दाखवाव्यात, आणि सातव्या ओळीपुढे ती भंगारात गेलेली नसून विभागाकडे शिल्लक आहे असा शेरा मारावा. शास्त्रशाखेतले मित्र समितीत होते. त्यांनी हरकत घेतली नाही, नुसते चष्म्यावरून पाहिले. भांडारपालांची अडचण वेगळी होती. शिल्लक मालाची दरवर्षी प्रत्यक्ष मोजणी होते, तेव्हा दाखवणार काय? मी जुन्या डब्यावरचा पट्टा दाखवला. चौदा वर्षांत त्यावरची शेवटची पाच अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत. सुदैवाने ती माझ्या २०१८ च्या डायरीत आहेत. भांडारपालांनी डायरीच्या पानाची छायाप्रत मागितली आहे.